नाकाला न कळणारी हवा

पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात एक काँप्रेसर असतो. मारेगावात, वणीत किंवा करंजीच्या फाट्यावर, कुठेही पाहा. पट्ट्यावर फिरणारा पंप, खाली लाल किंवा निळ्या रंगाची टाकी आणि टाकीच्या बुडाला एक छोटी तोटी. ही तोटी दुकानदार अधूनमधून उघडतो, तेव्हा तिच्यातून गढूळ, तेलकट पाणी फुसकन बाहेर पडते. टायरला या पाण्याने फारसे बिघडत नाही.

अग्निशमन दलाच्या जवानाच्या पाठीवर जो सिलिंडर असतो, किंवा मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या पाठीवर जो असतो, त्यातही काँप्रेसरनेच भरलेली हवा असते. पुष्कळांना वाटते की त्यात ऑक्सिजन असतो. तसे नाही. त्यात आपण आता घेत आहोत तीच साधी हवा असते, फक्त २०० ते ३०० पट दाबलेली. मग प्रश्न असा की, टायरची हवा आणि श्वासाची हवा यांत फरक काय? आणि तो ठरवला कोणी, कसा?

या प्रश्नाचे आजचे उत्तर एका छोट्या कोष्टकात मावते. अशा कोष्टकाला 'मानक' म्हणतात. पण त्यातल्या एकेका आकड्यामागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग समुद्रात किंवा आगीत नव्हे, तर कोळशाच्या खाणीत घडला. म्हणून वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तो परका वाटू नये.

धुराचे शिरस्त्राण

आग, पाणी आणि खाण या तीन ठिकाणी माणसाला एकच अडचण येते. भोवतालची हवा श्वासाला चालत नाही. त्यामुळे एका ठिकाणी सापडलेला उपाय लगेच दुसऱ्या ठिकाणी गेला, असे वारंवार घडले आहे.

१८२३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन याने धुरात शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. तांब्याचे टोप, त्याला जोडलेली नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला भाता, अशी ती रचना होती. आग विझवणाऱ्यांनी ते फारसे घेतले नाही. मग चार्ल्स आणि त्याचा भाऊ जॉन यांनी तेच टोप पाण्यात नेले. पुढे कित्येक दशके पाणबुड्यांच्या डोक्यावर जे गोल, जाळीदार खिडक्यांचे टोप दिसायचे, त्याचा पूर्वज हा आगीसाठी बनवलेला टोप होता.

फ्रान्समध्ये याच्या उलट दिशेने प्रवास झाला. बेन्वा रुकेरोल हा खाण अभियंता. विषारी वायूने भरलेल्या बोगद्यात शिरणाऱ्या माणसाला त्याने श्वास ओढला की तेवढीच हवा सोडणारी झडप हवी, असे त्याला वाटले. १८६० साली त्याने ती तयार केली. नंतर ऑगस्त देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या मदतीने तीच झडप पाण्याखाली वापरता आली. आजच्या पाणबुड्याच्या तोंडातील नियंत्रक याच तत्त्वावर चालतो.

दुसरा मार्ग होता हवा गाळण्याचा. आकाश निळे का दिसते याच्या संदर्भात ज्यांचे नाव आपण वर्गात घेतो, त्या जॉन टिंडल यांनी १८७१च्या सुमारास आग विझवणाऱ्यांसाठी एक मुखवटा तयार केला. त्यात ग्लिसरीनमध्ये भिजवलेला कापूस आणि लोणारी कोळसा होता. कापूस धुराचे कण अडवी आणि कोळसा डोळ्या-घशाला झोंबणारे वायू शोषून घेई. मुखवटा घातलेला माणूस एरवी क्षणभरही उभे राहवणार नाही अशा धुरात बराच वेळ थांबू शके.

पण या मुखवट्यातून एक वायू आरपार जात होता. त्याला रंग नाही, वास नाही, तो झोंबत नाही. तो कार्बन मोनॉक्साइड. नाकाला त्रास देणारे सगळे गाळले गेल्यावर हवा शुद्ध झाली असे वाटते, आणि इथेच घात होतो.

खाणीतील मृत्यूंचा हिशेब

कार्बन मोनॉक्साइडचा पहिला नीट हिशेब जॉन स्कॉट हाल्डेन यांनी मांडला. खाणीत स्फोट झाला की माणसे स्फोटाच्या धक्क्याने आणि ज्वाळांनी मरतात, अशी तोपर्यंतची समजूत होती. १८९६च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउन येथे खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसे गेली. हाल्डेन यांनी मृतदेहांच्या रक्ताची तपासणी केली. बहुतेकांचे रक्त चेरीसारखे लालभडक होते. स्फोटातून ते वाचले होते. स्फोटानंतर उरलेल्या वायूने त्यांना मारले होते.

हाल्डेन यांनी याआधीच, १८९५ साली, स्वतः कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेऊन आपल्या रक्तातील बदल टिपले होते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवते. पण कार्बन मोनॉक्साइडला ते त्याहून सुमारे २०० ते २५० पट घट्ट धरते. त्यामुळे हवेत हा वायू अगदी थोडा असला तरी हळूहळू हिमोग्लोबिनच्या जागा अडत जातात. माणसाला धाप लागत नाही, कारण धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. हेही पुढे १९०५ साली हाल्डेन आणि प्रीस्टली यांनीच दाखवले. कार्बन मोनॉक्साइडने माणूस डोके दुखत, पाय लटपटत, बऱ्याचदा काही विशेष घडतेय असे न जाणवता कोसळतो.

यावर हाल्डेन यांनी सुचवलेला उपाय सोपा होता. खाणीत उतरताना उंदीर किंवा छोटा पक्षी बरोबर न्यावा. लहान प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान असते, त्यामुळे तो माणसाच्या आधी कोसळतो आणि माणसाला मागे फिरायला वेळ मिळतो. कॅनरी पक्ष्यांचा हा वापर ब्रिटनच्या खाणींमध्ये १९८६ साली थांबवण्यात आला. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली.

इथे शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिंजऱ्यातला पक्षी हे हवेचे मानकच होते. फक्त त्यात आकडा नव्हता. 'पक्षी उभा आहे' म्हणजे हवा चालेल, 'पक्षी पडला' म्हणजे चालणार नाही, एवढेच ते सांगे.

टक्के पुरेसे नाहीत

आकडा ठरवताना आणखी एक अडचण आली. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ४० मीटरवर तो ५ वातावरण होतो. अशा वेळी हवेत एखादा वायू किती टक्के आहे हे सांगून भागत नाही.

याचे मूळ जॉन डाल्टन यांच्या नियमात आहे. मिश्रणातील प्रत्येक वायूचा स्वतःचा आंशिक दाब असतो आणि एकूण दाब वाढला की तो त्या प्रमाणात वाढतो. शरीरावर परिणाम होतो तो टक्केवारीचा नव्हे, आंशिक दाबाचा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात हे प्रयोगांनी सिद्ध केले. जीवनदायी ऑक्सिजनसुद्धा फार दाबाखाली विषारी ठरतो, हेही त्यांनीच दाखवले.

ब्रिटिश नौदलाचे पाणबुडे खोल गेले की त्यांना धाप लागे, काम होत नसे. हाल्डेन यांनी पाहिले की टोपात त्यांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठत होता. पृष्ठभागावर पुरेशी वाटणारी हवा खाली दाबली जाऊन आकाराने कमी भरते. म्हणून खोलीच्या प्रमाणात पंपाची हवा वाढवली पाहिजे, असा नियम त्यांनी दिला. दाबातून सावकाश वर कसे यावे याची त्यांची कोष्टके बॉयकॉट आणि डॅमंट यांच्याबरोबर १९०८ साली प्रसिद्ध झाली.

त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन आपल्याला अधिक ओळखीचे. लहानपणी वडिलांनी त्यांना खाणीत नेले, मिथेन साठलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधील अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. थोड्या ओळी होताच मुलगा धापा टाकत खाली बसला. खाली मात्र त्याला बरे वाटू लागले. मिथेन हवेहून हलका असतो हा धडा त्यांना असा मिळाला. १९३९च्या जूनमध्ये 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ जण गेले. त्यानंतर त्यांनी सहकाऱ्यांसह बंद पेटीत बसून, वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम स्वतःवर तपासला. १९५७ साली ते भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र डाल्टनचा नियम जरा जपून लावावा लागतो. हिमोग्लोबिनसाठी त्याची स्पर्धा ऑक्सिजनशी असते आणि खोलीवर दोघांचाही आंशिक दाब वाढतो. १८९५ साली थोरल्या हाल्डेन यांनी उंदराला कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला २ वातावरण दाबाचा ऑक्सिजन दिला, तेव्हा उंदीर जगला. त्याचे हिमोग्लोबिन निकामी झाले होते, पण रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्याचे भागले. याचा उलटा अर्थ पाणबुड्यासाठी धोक्याचा आहे. खोलवर दूषित हवा अंगात वेगाने भिनते, पण जास्त दाबाच्या ऑक्सिजनमुळे त्रास झाकला जातो. वर येताना ऑक्सिजनचा दाब उतरतो, आणि मग सुटकेच्या वाटेवरच शुद्ध हरपू शकते.

सिलिंडर पाठीवर आला

नळी आणि भाता यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून हवा पाठीवर नेण्याचे प्रयत्न चालू होते. १८७८ साली हेन्री फ्लूस याने ऑक्सिजनचे बंद चक्राचे उपकरण बनवले. सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून उरलेली हवा पुन्हा वापरायची, अशी त्याची योजना. जर्मनीत ड्रेगर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणींसाठी अशी उपकरणे तयार केली. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएर येथे कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन १,०९९ जण गेले, तेव्हा जर्मन बचाव पथके हीच उपकरणे घेऊन सरहद्द ओलांडून आली.

१९४३ साली जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी दाबलेल्या साध्या हवेवर चालणारे पाणबुड्याचे उपकरण यशस्वी केले. गान्यां यांची झडप मुळात युद्धकाळात लाकडाच्या वायूवर मोटारी चालवण्यासाठी होती. १९४५ साली अमेरिकेत विमानातील श्वसनयंत्रांवरून स्कॉट कंपनीने आग विझवणाऱ्यांसाठी पाठीवरचा संच बाजारात आणला. दोन्हींत ऑक्सिजनऐवजी हवा होती, आणि हवा फुकट होती. फक्त ती दाबायला काँप्रेसर हवा होता.

इथे इतिहासाला वळण मिळाले. तोपर्यंतचा प्रश्न 'श्वासाला हवा मिळेल का' असा होता. आता तो 'कोणती हवा मिळेल' असा झाला. जी हवा वाचवायला न्यायची, तिच्यातच यंत्र विष मिसळू शकत होते.

काँप्रेसरच्या पोटात काय घडते

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे बूड तापते. हवा दाबली की ती तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा एकाच धक्क्यात ३०० पट दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे १,२५० अंश येते. तांबे १,०८५ अंशांना वितळते, यावरून कल्पना यावी. म्हणून हे काम तीन-चार टप्प्यांत करतात. चार टप्पे असतील तर प्रत्येक टप्प्यात दाब सुमारे ४.१६ पट वाढवायचा. तेव्हा हवा साधारण १८० अंशांपर्यंत तापते. ती थंड करायची आणि पुढच्या टप्प्यात सोडायची.

यंत्र झिजले, थंड करणारा पंखा धुळीने माखला किंवा चुकीचे तेल घातले, तर काही भाग फार तापतो आणि वंगणाचे तेल करपते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याहून साधे कारण म्हणजे, काँप्रेसर डिझेल इंजिनावर चालत असेल आणि वारा फिरून इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या नळीकडे आला, तर तोच धूर सिलिंडरमध्ये भरला जातो. गाळणीत काजळी आणि वास अडकतात. टिंडल यांच्या मुखवट्यात झाले तेच इथे होते. उरते ती स्वच्छ वाटणारी हवा.

आता पाण्याचे पाहू. आपल्याकडच्या वैशाखात ४० अंशांच्या कोरड्या हवेतही, आर्द्रता २० टक्के धरली तर, दर घनमीटरला सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. ही हवा ३०० पट दाबून पुन्हा ४० अंशांवर आणली, की तिच्यात अंदाजे १७० मिलिग्रॅमच बाष्प मावते. बाकीचे पाणी होऊन खाली बसते. ओला कपडा पिळावा तशी हवा पिळली जाते. पंक्चरवाल्याच्या तोटीतून येणारे पाणी ते हेच. युरोपातील २० अंशांच्या खोलीत हेच केले तर सुमारे ५८ मिलिग्रॅम बाष्प उरते. मानकात परवानगी असते २५ मिलिग्रॅमची. उरलेले बाष्प शोषून घेण्याचे काम काँप्रेसरला जोडलेल्या नळकांड्यातील दाणेदार शोषक करतो. युरोपात त्याला ३३ मिलिग्रॅम शोषावे लागते, तर आपल्या उन्हाळ्यात १४५. म्हणजे तिकडच्या पुस्तिकेत छापलेले शोषक बदलण्याचे तास इथे जसेच्या तसे लावले, तर तो मुदतीच्या खूप आधी संपलेला असेल.

ओलाव्याची एवढी धास्ती का? दाबलेली हवा झडपेतून सुटताना थंड होते आणि बाष्पाचा बर्फ होऊन झडप अडकू शकते. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. ओला लोखंडी सिलिंडर बराच काळ भरून ठेवला तर आतून गंजतो, आणि गंज हवेतील ऑक्सिजन खातो. हे वर्गात सहज दाखवता येते. ओला लोखंडी कीस परीक्षानळीच्या तळाशी बसवून नळी पाण्यात उपडी ठेवावी. काही दिवसांत पाणी नळीत सुमारे एक पंचमांश वर चढते. बंद सिलिंडरमध्ये तीच क्रिया झाली तर दाबमापक भरलेला दाखवील, पण आतली हवा श्वासाला अपुरी असेल.

कोष्टकातील आकडे

अमेरिकेत काँप्रेस्ड गॅस असोसिएशनने १९६० आणि १९७०च्या दशकांत हवेच्या प्रती अक्षरांनी ठरवून दिल्या. त्यातील 'डी' आणि 'ई' या प्रती श्वासाच्या हवेसाठी वापरात आल्या. भारतीय मानक संस्थेचे श्वसनयंत्रांबद्दलचे मानक आय. एस. १०२४५ या क्रमांकाचे आहे. युरोपचे ई. एन. १२०२१ हे मानक १९९८ साली आले आणि २०१४ साली सुधारले गेले. त्यातील मुख्य मर्यादा अशा :

ऑक्सिजन : २० ते २२ टक्के
कार्बन मोनॉक्साइड : दहा लाख भागांत ५
कार्बन डायऑक्साइड : दहा लाख भागांत ५००
तेल : दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम
पाणी : काँप्रेसरने भरताना दर घनमीटरला २५ मिलिग्रॅम

१९९८ साली कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १५ होती. ती एक तृतीयांश झाली. म्हणजे मानक हे दगडावर कोरलेले नसते. ज्ञान आणि मोजण्याची साधने सुधारली की ते बदलते.

कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यात एक वेगळीच गोष्ट लपली आहे. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता. १९९८ साली तो ३६५च्या पुढे होता. आज तो ४२०च्या वर गेला आहे. मर्यादा ५०० वरच आहे. म्हणजे बाहेरची हवा आणि मर्यादा यांतले अंतर दर वर्षी आपोआप कमी होते आहे. गर्दीच्या रस्त्यालगत किंवा माणसांनी भरलेल्या बंद खोलीत काँप्रेसर लावला, तर यंत्र कितीही चांगले असले तरी मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

वर्धा खोऱ्यात

मारेगावच्या शेजारी वणी तालुका कोळशाचा. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच सरकारी खाण होती, ती १९०६ साली बंद झाली. वणीकडे राजूर, कुंभारखणी येथे जमिनीखालच्या खाणी झाल्या. आज या भागातील बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. कोळसा हवेशी हळूहळू संयोग पावून आपोआप तापतो आणि धुमसू लागतो, हे खाणीजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. जमिनीखाली असे धुमसणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

२५ जानेवारी १९९४ रोजी पश्चिम बंगालमधील न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार गेले. तेही ज्वाळांनी नव्हे, विषारी वायूने. टायलर्सटाउननंतर ९८ वर्षांनी तोच हिशेब पुन्हा मांडावा लागला.

अशा वेळी कामगाराच्या कमरेला असलेला डबा उपयोगी पडतो. त्याला स्वयंबचावक म्हणतात. गाळणी पद्धतीच्या डब्यात हॉपकॅलाइट नावाचे मिश्रण असते. मँगॅनीज डायऑक्साइड आणि तांब्याचे ऑक्साइड यांचे हे मिश्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झाले. जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नावांतून त्याचे नाव आले. ते कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. खाणीतून बाहेर पडेपर्यंतचा वेळ त्यामुळे मिळतो. हेच हॉपकॅलाइट श्वासाची हवा भरणाऱ्या अनेक काँप्रेसरच्या गाळणीतही असते. वणीचा खाणकामगार आणि तारकर्लीचा पाणबुड्या एकाच काळपट भुकटीवर विसंबून असू शकतात. ही भुकटी ओली झाली की निकामी होते, म्हणून गाळणीत तिच्याआधी बाष्प शोषणारा थर असावा लागतो. ओलाव्याचा आकडा आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

खाणीच्या हवेलाही कायद्याने मर्यादा आहेत. कोळसा खाणींच्या नियमांनुसार माणसे काम करतात तिथे ऑक्सिजन १९ टक्क्यांहून कमी आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांहून जास्त नसावा. सिलिंडरसाठी मर्यादा ०.०५ टक्के, म्हणजे दहापट कडक. हा पक्षपात का, असे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तर डाल्टनच्या नियमात आहे. तीच हवा ४० मीटर खोलीवर घेतली तर परिणाम पाचपट, म्हणजे ०.२५ टक्क्यांइतका होतो. शिवाय मुखवट्यात आधीच्या श्वासाची थोडी हवा अडकते, आणि आगीत धावणारा माणूस मिनिटाला ४० लिटर किंवा त्याहून अधिक हवा घेतो.

विहिरीचा विषय इथे सोडून चालणार नाही. बंद पडलेल्या विहिरीत, पेवात किंवा मैल्याच्या टाकीत उतरून माणसे मरतात, आणि वाचवायला उतरलेलेही मरतात. आधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझतो, एवढे तो सांगतो. पण विहिरीत डिझेलचा पंप चालवला असेल आणि कार्बन मोनॉक्साइड साठला असेल, तर कंदील जळत राहील आणि माणूस पडेल. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढले की नाकाला येईनासा होतो, आणि वास गेला म्हणजे हवा सुधारली असे वाटते. तोंडाला ओला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा बांधून यातले काहीच थांबत नाही. हवेत ऑक्सिजनच नसेल तर जगातली कोणतीही गाळणी तो निर्माण करू शकत नाही. तिथे बाहेरून आणलेली हवाच लागते, पाठीवरच्या सिलिंडरमधून किंवा नळीने. ती येईपर्यंत कोणीही खाली उतरू नये, हे शाळेत शिकवण्यासारखे आहे.

काय विचारावे

नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे आणि वेस्टर्न कोलफील्ड्सचे खाण बचाव केंद्रही आहे. सहल तिकडे किंवा जवळच्या अग्निशमन केंद्रावर गेली, तर मुले बंब आणि शिडी पाहतातच. त्यांना काँप्रेसरही पाहायला सांगावा आणि काही साधे प्रश्न विचारायला लावावेत. हवा ओढणारी नळी कुठे उघडते? जवळ गाडीचा धूर येतो का? गाळणी शेवटची कधी बदलली, आणि किती तास चालल्यावर? हवेची तपासणी कोणत्या तारखेला झाली? कार्बन मोनॉक्साइड किती निघाला?

हे प्रश्न उद्धट नाहीत. सिलिंडर पाठीला लावणारा जवान ती हवा हुंगून पारखू शकत नाही. दाबमापक त्याला हवा किती आहे ते सांगतो, कशी आहे ते सांगत नाही. त्याचा भरवसा असतो तो काँप्रेसरजवळच्या भिंतीला टांगलेल्या नोंदवहीवर, आणि ती रोज खरी भरणाऱ्या माणसावर. ती नोंदवही उघडून शेवटची तारीख वाचायला आठवीच्या मुलालाही येते.